दिसणं, न दिसणं आणि कराचीचा एक इंजिनिअर

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी कंपनीच्या कामासाठी लंडनला होतो. एका शनिवारी पावसानं गाठलं म्हणून टेट मॉडर्न या संग्रहालयात शिरलो. आत जायला तिकीट नाही, बसायला जागा आहे, स्वच्छतागृह फुकट. परदेशात हिशेबानं राहणाऱ्या माणसाला संग्रहालयांची आवड लागायला एवढं पुरतं.

टेट मॉडर्न म्हणजे थेम्सकाठचं जुनं वीजकेंद्र. पूर्वी जिथे टर्बाइन होती, तिथे आता रेल्वे स्टेशनच्या शेडसारखा प्रचंड रिकामा हॉल आहे. त्या दिवशी मात्र तो रिकामा नव्हता. जमिनीवर शेकडो रंगीत ठोकळे होते. ठोकळे म्हणजे नुसत्या कडा, आत हवा. लहान मुलं ते उचलून एकमेकांवर रचत होती, आडवे करत होती, त्यांची घरं बांधून पुन्हा पाडत होती. संग्रहालयात कशालाही हात लावला की ओरडा बसतो, ही माझी लहानपणापासूनची समजूत. इथे कुणीच ओरडत नव्हतं.

मी एक ठोकळा उचलला, आणि त्याच्या बाजूत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेली तिरकी पट्टी दिसली.

तुम्ही इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष काढलं असेल, तर ही पट्टी ओळखीची आहे. शाखा कुठलीही असो, मेकॅनिक्सचा पेपर सगळ्यांनाच असायचा. चार काठ्या खिळ्यांनी जोडून चौकोन केला आणि एका कोपऱ्याला ढकललं, तर तो कलतो. एक तिरकी काठी घाला, चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि चौकट घट्ट उभी राहते. पूल, क्रेन, विजेचे मनोरे याच पट्टीच्या जिवावर उभे असतात. मनात आलं, हे करणारा माणूस चित्रकलेच्या शाळेतून आलेला नाही. हा आपल्यातला आहे.

भिंतीवर नाव होतं : रशीद अराईन. जन्म १९३५, कराची. फोनवर शोधलं. सिव्हिल इंजिनिअर!

त्या आठवड्यात माझ्या बाबतीत एक छोटी गोष्ट घडली होती. ती सांगितल्याशिवाय या माणसानं मला इतकं का धरून ठेवलं, ते कळणार नाही.

आमच्या क्लायंटकडे रोज रात्री एक बॅच चालते, म्हणजे दिवसभरातल्या व्यवहारांचा ताळा जमवणारा प्रोग्राम. त्याला साडेपाच तास लागायचे. पुण्यातल्या आम्ही चौघांनी आठ महिने खपून तो पाऊण तासावर आणला. डेमोच्या दिवशी स्लाइडवर डिझाइन सादर करणाऱ्याचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘ऑफशोअर टीम’. दोनच दिवसांनी वेगळी मेल आली. ऑफिसात वैविध्य सप्ताह आहे, पोस्टरसाठी तुमचा फोटो आणि चार ओळींची गोष्ट हवी आहे, शक्य असल्यास पारंपरिक पोशाख घाला. त्या मेलमध्ये माझं नाव स्पेलिंगसकट अचूक होतं.

म्हणजे मी केलेलं काम दिसत नव्हतं, पण मी दिसत होतो. यात नेमकं काय खुपतंय, ते मला सांगता येत नव्हतं. अराईन यांनी त्यासाठी जवळजवळ अख्खं आयुष्य घालवलं होतं.

मुंबई इलाख्यात जन्मलेला मुलगा

अराईन जन्मले तेव्हा पाकिस्तान नव्हतं, आणि कराची मुंबई इलाख्यात होती. सिंध मुंबईपासून वेगळा झाला तो १९३६ मध्ये. ते पुढे जिथे शिकले, ते कराचीचं एनईडी इंजिनिअरिंग कॉलेजही फाळणीआधी मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. नकाशावरची रेघ नंतर आली.

चित्रं काढणं शिक्षणासोबतच चालू होतं. १९५९ मध्ये त्यांना सायकलचा जळलेला टायर सापडला. रबर जळून गेलं होतं आणि आतल्या तारा वेड्यावाकड्या पिळलेल्या उरल्या होत्या. त्यांनी त्या उचलून आणल्या आणि पुढे त्यांना आपलं पहिलं शिल्प म्हटलं. घडवलं काहीच नव्हतं, फक्त पाहिलं होतं. आपल्याकडे होळीनंतर किंवा एखाद्या आंदोलनानंतर रस्त्यावर अशा तारा पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कोण पाहतं?

१९६४ मध्ये ते युरोपात आले, आधी पॅरिस आणि मग लंडन. पोटापाण्यासाठी इंजिनिअरिंगची नोकरी केली. त्या वेळी ब्रिटिश शिल्पकलेत अँथनी कॅरो यांचा बोलबाला होता. कॅरो पोलादी तुळया आणि पत्रे जोडून, रंगवून जमिनीवर मांडत. तुळई शिल्प होऊ शकते, हे पाहून अराईन हरखले. पण इंजिनिअरच्या डोळ्याला एक गोष्ट खटकली. कॅरोंच्या रचनेत एक भाग मोठा, एक छोटा, एक पुढे, एक मागे असतो. सगळी गंमत त्या असमतोलातून येते. अराईन यांना वाटलं, प्रत्येक तुकडा सारखाच ठेवला तर? कुणी मुख्य नाही, कुणी दुय्यम नाही. १९६५-६६ मध्ये त्यांनी सारख्या तुळया सारख्या अंतरावर रचलेल्या शिल्पांच्या कल्पना कागदावर उतरवल्या. मग आल्या जाळीदार चौकटी, तिरक्या पट्ट्यांच्या. त्यांची नावं मराठी माणसालाही समजतील अशी आहेत : ‘चार यार’, ‘रंग बरंगा’.

त्याच सुमाराला अमेरिकेत सोल लेविट, डोनाल्ड जड, कार्ल आंद्रे हे लोक असेच चौकोन, असेच सारखे तुकडे घेऊन काम करत होते. त्यांच्या कलेला ‘मिनिमलिझम’ म्हणतात आणि कलेतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात तिच्यावर प्रकरण असतं. अराईन त्याच काळात, स्वतंत्रपणे, त्याच ठिकाणी पोचले होते. त्या प्रकरणांत मात्र पुढची कित्येक वर्षं त्यांचं नाव नव्हतं.

मी पाहिलेली ठोकळ्यांची कल्पना १९६८ ची. तिचं नाव ‘झीरो टू इन्फिनिटी’, शून्य ते अनंत. मूळ आराखड्यात शंभर ठोकळे शिस्तीत मांडायचे आणि मग प्रेक्षकांनी ती शिस्त मोडायची. टेटच्या नोंदीत या कामाची तारीख ‘१९६८–२००७’ अशी आहे. त्या दोन आकड्यांमधल्या छोट्या रेघेत एकोणचाळीस वर्षं आहेत.

कुठल्या खात्यात टाकायचं?

अराईन अगदीच उपेक्षित राहिले, असं म्हणणं खोटं ठरेल. १९६९ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन मूर्स प्रदर्शनात त्यांच्या कामाला बक्षीस मिळालं होतं. १९७० मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट कॅथरिन डॉक्समध्ये सोळा गोल तबकड्या पाण्यात सोडल्या. वारा आणि पाणी त्यांची जी रचना करतील ती रचना. नाव होतं ‘चक्र’.

पण काम पुढे सरकत नव्हतं. गॅलऱ्या दार उघडत नव्हत्या. आणि जेव्हा कुणी लिहायचं, तेव्हा त्या चौकटींमध्ये इस्लामी नक्षी दिसायची. लेविट यांचा चौकोन म्हणजे विचार आणि अराईन यांचा चौकोन म्हणजे मशिदीची जाळी! पुलाच्या कैचीतून, मेकॅनिक्सच्या वहीतून आलेली ती तिरकी पट्टी, पण निर्मात्याचं नाव रशीद म्हटल्यावर तिला थेट परंपरेत पाठवण्यात आलं.

याच अडचणीत अराईन यांच्या आधी एक जण सापडला होता. अन्वर जलाल शेमझा, जन्म सिमल्याचा, फाळणीनंतर लाहोरचा नावाजलेला चित्रकार आणि लेखक. १९५६ मध्ये तो लंडनच्या स्लेड कलाशाळेत आला. तिथे अर्न्स्ट गॉम्ब्रिख यांचं व्याख्यान होतं. जगातल्या कितीतरी विद्यार्थ्यांना चित्र कसं पाहावं हे शिकवणारे हे विद्वान. त्यांनी इस्लामी कला निव्वळ उपयोगाची आहे अशा अर्थाचं काही म्हटलं आणि विषय संपवला. शेमझा बाहेर पडला, भटकत राहिला, आणि आपली आधीची चित्रं त्यानं नष्ट केली. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. नंतर त्यानं चौकोन आणि वर्तुळ या दोन आकारांतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे स्टॅफर्डमध्ये शाळेत चित्रकला शिकवत राहिला आणि १९८५ मध्ये वारला.

आणि मग आपला सूझा. फ्रान्सिस न्यूटन सूझा, गोव्यातल्या साळगावचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून १९४५ मध्ये राजकीय आंदोलनातल्या सहभागामुळे काढून टाकलेला. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा म्होरक्या. १९४९ मध्ये तो लंडनला गेला. सुरुवातीची वर्षं हलाखीची, मग १९५५ मध्ये गॅलरी वनमधल्या प्रदर्शनानं त्याला एका झटक्यात नाव मिळवून दिलं. काही वर्षं तो लंडनच्या कलाजगताच्या अगदी मधोमध होता. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची हवा ओसरली, आणि १९६७ मध्ये तो न्यूयॉर्कला निघून गेला.

जाण्याआधी, १९६६ मध्ये, त्यानं लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत काळी चित्रं मांडली होती. काळ्यावर काळी. चेहरे, निसर्ग, उघडी शरीरं, सगळं जाड काळ्या रंगात. समोर उभं राहिलं तर नुसता काळा कॅनव्हास दिसतो. दोन पावलं बाजूला सरका, उजेड तिरका पडू द्या, मग रंगाच्या थरातल्या रेघा चमकतात आणि एक चेहरा बाहेर येतो. सूझाच्या मनात नेमकं काय होतं यावर अनेकांनी लिहिलं आहे. मला त्यातली साधी यांत्रिक गोष्ट आवडते. चित्र तिथेच असतं. जागा बदलायची असते ती पाहणाऱ्यानं.

शरीर मधे घातलं तेव्हा

अराईन यांचा मार्ग सत्तरच्या दशकात बदलला. १९६९ मध्ये लीड्स शहरात एअर नदीत डेव्हिड ओलुवाले या नायजेरियन माणसाचं प्रेत मिळालं होतं. तो बेघर होता आणि पोलिसांनी त्याला वारंवार छळलं, मारलं होतं. १९७१ मध्ये दोन पोलिस अधिकाऱ्यांवर खटला चालला. मारहाणीबद्दल शिक्षा झाली, मृत्यूच्या आरोपातून ते सुटले. अराईन यांनी ‘फॉर ओलुवाले’ हे काम उभारलं, वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि मजकूर फलकांवर मांडून. ओलुवाले जिवंत असताना शहरातल्या सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं आणि कुणीच पाहिलं नव्हतं.

१९७२ मध्ये अराईन लंडनच्या ब्लॅक पँथर चळवळीत गेले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहत होती, नाव त्याच अमेरिकन संघटनेवरून घेतलेलं. त्या काळच्या ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक’ हा शब्द आफ्रिकी आणि कॅरेबियन लोकांसारखाच आशियाई लोकही स्वतःसाठी वापरत. तो कातडीच्या छटेपेक्षा राजकीय बाजू सांगणारा शब्द होता.

रस्त्यावर मात्र वेगळा शब्द चाले. ‘पाकी’. ही शिवी कराचीचा, कोल्हापूरचा आणि सिल्हेटचा असा भेद करत नसे. ३१ जुलै १९७७ रोजी अराईन यांनी लंडनमध्ये एक सादरीकरण केलं आणि त्याला नाव दिलं ‘पाकी बास्टर्ड’. उपशीर्षक होतं, कृष्णवर्णीय माणूस म्हणून कलावंताचं व्यक्तिचित्र. स्लाइडवर त्यांची स्वतःची शिल्पं आणि पूर्व लंडनचे रस्ते, सोबत आवाज, आणि या सगळ्यात मधे त्यांचं स्वतःचं शरीर.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं नव्हतं. इतका नितळ चौकोन करणारा माणूस एवढा आरडाओरडा का करतो? मग लक्षात आलं. दहा-बारा वर्षं त्यांनी शरीर मधे न आणता काम केलं होतं. सारखे तुकडे, कुणाची सही नाही, कुणाचा धर्म नाही. तरीही पाहणाऱ्यांनी चौकटीतून आरपार पाहून मागचा माणूसच पाहिला होता. मग त्यांनी तो माणूसच समोर उभा केला, की घ्या, आधी याचा निकाल लावा, मग चौकटीकडे वळू.

‘वांशिक कला’ नावाचं कपाट

सरकारी यंत्रणा या काळात काहीच करत नव्हती असंही नाही. १९७६ मध्ये नसीम खान यांचा ‘द आर्ट्स ब्रिटन इग्नोअर्स’ हा अहवाल आला. स्थलांतरित समाजांच्या कलांकडे देशाचं दुर्लक्ष होतंय, त्यांना पैसा आणि जागा द्या, असं तो सांगत होता. हेतू चांगला. अराईन यांनी त्यावर टीका केली.

त्यांचा मुद्दा मी माझ्या भाषेत सांगतो. डेटाबेसमध्ये ‘कलावंत’ नावाचा एक तक्ता आहे. तुमचं नाव त्यात नाही. तुम्ही तक्रार केलीत, तर उत्तर मिळालं की तुमच्यासाठी आम्ही नवीन तक्ता केला आहे, ‘वांशिक अल्पसंख्याक कलावंत’. त्यात तुमची नोंद आहे, निधीही आहे. पण कलेचा इतिहास लिहिणारी प्रत्येक क्वेरी जुन्याच तक्त्यावर चालते. तुम्ही नोंदलेले आहात आणि तरीही कुठल्याच उत्तरात येत नाही. अराईन यांना नवा तक्ता नको होता. त्यांना जुना दुरुस्त करून हवा होता.

१९७८ मध्ये त्यांनी महमूद जमाल यांच्यासोबत ‘ब्लॅक फिनिक्स’ हे नियतकालिक काढलं, ते तीन अंकांत बंद पडलं. १९८४ मध्ये लेख आणि पत्रव्यवहार एकत्र करून पुस्तक केलं, ‘मेकिंग मायसेल्फ व्हिजिबल’, म्हणजे स्वतःला दिसतं करताना. प्रकाशक त्यांचीच ‘कला प्रेस’. रोमन लिपीत लिहिलं की ‘कला’ आणि ‘काला’ सारखेच दिसतात, हे आपल्याला लगेच कळतं, इंग्रजाला सांगावं लागतं. १९८७ मध्ये ‘थर्ड टेक्स्ट’ सुरू केलं, ते मात्र टिकलं आणि जगभरच्या विद्यापीठांत वाचलं जाऊ लागलं.

कारखान्यात नकार मिळाला तर इंजिनिअर काय करतो? कागदपत्रं सांभाळतो. कोणत्या तारखेला काय पाठवलं, काय उत्तर आलं. अराईन यांनी हेच केलं, आणि पुढे ते कामाला आलं.

दुसरी गोष्ट

१९७८ मध्येच त्यांनी आर्ट्स कौन्सिलकडे प्रस्ताव दिला होता. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये काम केलेल्या आफ्रिकी, आशियाई आणि कॅरेबियन कलावंतांचं एक मोठं ऐतिहासिक प्रदर्शन. तो नाकारला गेला. अकरा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९८९ रोजी, लंडनच्या हेवर्ड गॅलरीत ते उघडलं. नाव ‘द अदर स्टोरी’, दुसरी गोष्ट. चोवीस कलावंत.

त्यातल्या पहिल्या विभागाचं नाव होतं, आधुनिकतेच्या बालेकिल्ल्यात. तिथे सूझा होता, शेमझा होता. जमैकाहून दंतवैद्यक शिकायला आलेला आणि लाकडात भव्य शिल्पं कोरणारा रोनाल्ड मूडी होता. गयानाचे ऑब्री विल्यम्स आणि फ्रँक बोलिंग होते. पुढच्या विभागांत ली युआन-चिया भेटत. चीन, तैवान, इटली असा प्रवास करून ते इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या एका खेड्यात स्थिरावले आणि तिथे स्वतःच्या हातांनी संग्रहालय बांधून १९७२ ते १९८३ या काळात इतरांची शेकडो कामं मांडत राहिले.

या सगळ्यांना एका छताखाली पाहिल्यावर जे दिसतं, ते एकेकट्याला पाहून दिसत नाही. हे लोक लंडनच्या कडेला उभे राहून आपापल्या गावची नक्षी काढत नव्हते. ते आधुनिक कला घडवण्यात सुरुवातीपासून होते. त्यांना वगळून लिहिलेला इतिहास अन्यायाचा आहेच, पण त्याआधी तो चुकीचा आहे. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. अन्यायाची तक्रार केली की समोरचा दया दाखवू शकतो. चूक दाखवली की त्याला दुरुस्ती करावी लागते.

दुरुस्ती लगेच झाली नाही. ब्रायन सिवेलसारख्या वजनदार समीक्षकांनी प्रदर्शन झोडपलं. त्यांचं म्हणणं, हे कलावंत दिसले नाहीत कारण त्यांचं काम तेवढ्या तोलाचं नव्हतं, पाश्चात्त्य कलेची दुय्यम आवृत्ती होतं. गंमत पाहा. परंपरेतून काढलं तर ते वांशिक, आधुनिक काढलं तर ती नक्कल.

आक्षेप दुसऱ्या बाजूनंही आले आणि ते जास्त बोचणारे होते. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर आणि बडोद्यात शिकलेले ध्रुव मिस्त्री यांच्यासह काही नावाजलेल्या कलावंतांनी सहभागाला नकार दिला. समजा तुमची कला आता कुठे तुमच्या नावानं ओळखली जाऊ लागली आहे. अशा वेळी ‘आफ्रो-आशियाई’ असा फलक असलेल्या दारातून पुन्हा का जायचं? अराईन ज्या कपाटाविरुद्ध लढत होते, तसंच एक कपाट त्यांनीही बांधलंय का? या प्रश्नाचं सोपं उत्तर नाही. फलक लावला नाही तर सगळे एकत्र दिसत नाहीत, आणि लावला तर फलकच दिसतो.

शिवाय चोवीसपैकी स्त्रिया फक्त चार : सोनिया बॉइस, लुबेना हिमिद, मोना हातूम, कुमिको शिमिझू. ऐंशीच्या दशकात कृष्णवर्णीय आणि आशियाई स्त्री-कलावंतांनी ब्रिटनमध्ये केवढं काम केलं होतं, आणि स्वतः हिमिद यांनी त्यांची प्रदर्शनं भरवली होती. ज्यानं न दिसणाऱ्यांची यादी केली, त्याच्याही यादीत गाळलेल्या जागा होत्या.

पुढचा हिशेब मात्र सांगायलाच हवा. हिमिद यांना २०१७ मध्ये टर्नर पारितोषिक मिळालं. बॉइस यांनी २०२२ मध्ये व्हेनिसला ब्रिटनचं प्रतिनिधित्व करत सुवर्णसिंह जिंकला. बोलिंग यांचं मोठं प्रदर्शन टेट ब्रिटननं २०१९ मध्ये भरवलं, तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. अराईन यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन २०१७ पासून आइंटहोवन, जिनिव्हा, गेट्सहेड आणि मॉस्को असं फिरलं. त्याच वर्षी अथेन्समध्ये त्यांनी भौमितिक नक्षीचे शामियाने उभारले आणि त्यांखाली येणाऱ्यांना जेवायला बसवलं. शेमझा, मूडी, सूझा हे पाहायला नव्हते.

परत ठोकळ्यांकडे

त्या शनिवारी मी टर्बाइन हॉलमध्ये दोन तास बसलो. पाऊस कधी थांबला कळलं नाही. एक सहा-सात वर्षांची मुलगी तीन ठोकळ्यांचा मनोरा करून त्यात शिरायचा प्रयत्न करत होती. तिला कलाकाराचं नाव माहीत नव्हतं, जन्मगाव माहीत नव्हतं. चौकट कलत नाही एवढंच तिला हाताला कळत होतं. अराईन यांना १९६८ मध्ये हेच हवं असणार, असं मला वाटून गेलं. मग भिंतीवरच्या नावाकडे पुन्हा नजर गेली. ते नाव तिथे यायला काय काय करावं लागलं, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. पुढचे काही महिने रात्री जागून वाचलं तेव्हा कळलं.

सोमवारी मी वैविध्य सप्ताहाच्या मेलला उत्तर दिलं. फोटो नको, पण पंधरा मिनिटं द्या, बॅच कशी वेगवान केली ते मी आणि पुण्यातली टीम कॉलवर येऊन सांगू. नम्र उत्तर आलं की कार्यक्रम तांत्रिक स्वरूपाचा नाही. पोस्टर माझ्याशिवाय लागलं. त्यावर दुसऱ्या विभागातली एक तमिळ मुलगी साडीत हसत होती. तिनं काय काम केलं होतं, ते पोस्टरवर लिहिलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही तिला कधी विचारलं नाही.

मी एक गोष्ट केली. आमच्या प्रोजेक्टच्या डिझाइन डॉक्युमेंटमध्ये शेवटी एक पान जोडलं. कुठला भाग कुणी लिहिला, कुठली चूक कुणी पकडली, कुठल्या तारखेला. तक्रारीचा सूर नाही, नुसत्या नोंदी. क्लायंटनं ते पान काढलं नाही. कुणी वाचलं की नाही, माहीत नाही.

पान टाकल्यावर तासाभरात पुण्याहून एका सहकाऱ्याचा मेसेज आला : अरे, सुरुवातीचे तीन महिने टेस्टिंग करून कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर गेली ती, तिचं नाव राहिलं.

मी जुन्या कमिट उघडून पाहिल्या. खरंच, पहिली मोठी चूक तिनंच पकडली होती. तिचं नाव घातलं, तारीख घातली आणि फाइल पुन्हा सेव्ह केली.